मदत हवी आहे : निवेदिकेलाच रहस्य माहीत असेल तर ते लपवायचं कसं?

तीन पिढ्यांची, तीन बहिणींची कादंबरी लिहितेय. रहस्य असं : धाकटी ही बहीण नाहीच, थोरलीची लग्नाआधीची मुलगी आहे. आईने आपलीच म्हणून वाढवली. थोरली आता हयात नाही. गोष्ट सांगते मधली, प्रथमपुरुषात, आणि तिला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. गाडं इथेच अडलंय.

सरळ कालक्रमाने लिहून पाहिलं, तर सगळं पहिल्याच भागात उघडं पडतं. जुनं पत्र सापडतं असंही केलं, पण ट्रंकेच्या तळाशी नेमकं तेच पत्र मिळणं मलाच पटेना. सध्या मधली वेणी घालत असते, थोरली हात पुढे करते आणि मागे घेते, असे प्रसंग पेरलेत.

शोध लागतो डीएनए चाचणीतून. मधलीचा मुलगा आणि धाकटीची मुलगी खरी मावसभावंडं असती तर सरासरी १२.५ टक्के जुळलं असतं. नातं एका पिढीने सरकल्यामुळे ६.२५ च्या आसपास जुळतं. हे आकडे बरेच वरखाली होतात, म्हणून पोरांना नुसती शंका येते, खात्री नाही. हे मी बदलणार नाही.

तृतीयपुरुषी निवेदन कृपया सुचवू नका, मधलीचा तिरकस आवाज हाच कादंबरीचा जीव आहे.

तर, ती खोटं न बोलता नुसतं गाळून सांगत राहिली, तर वाचक म्हणून तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल का? की सुरुवातीलाच सांगून टाकावं आणि ताण 'धाकटीला कधी कळणार' यावर ठेवावा?