मदत हवी आहे: छोट्या शाळेचा पुढच्या पाच वर्षांचा पट आणि जमाखर्च कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमच्या संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, नर्सरी ते सातवी, विनाअनुदानित, पट अडीचशेच्या आसपास. दुसऱ्या बससाठी कर्ज काढायचंय, बँकेनं पाच वर्षांचं प्रोजेक्शन मागितलंय आणि हिशोब मी बघतो म्हणून ते माझ्या गळ्यात आलंय. चेअरमनसाहेब म्हणतात दरवर्षी दहा टक्के वाढ धरा आणि देऊन टाका. मला ते अजिबात पटत नाही, त्या आकड्यावर हप्ता ठरला आणि पोरं आलीच नाहीत तर पगार थकणार ते आमच्या बाईंचे.

मी जनरल रजिस्टरवरून मागच्या काही वर्षांचा वर्गवार पट एक्सेलमध्ये घातला, म्हणजे यंदा दुसरीत असलेली पोरं पुढच्या जूनला तिसरीत किती राहतात असं प्रत्येक वर्गाचं प्रमाण काढलं. चौथीपर्यंत शंभरातली पंच्याण्णव टिकतात, पाचवीला मात्र एकदम ऐंशीवर येतं, कारण पालक म्हणतात दहावीपर्यंतच्या हायस्कूलला एकदाच घालू, आणि दाखला काढून नेतात. इथपर्यंत जमलं. अडलंय नर्सरीला, तिच्यामागं वर्गच नाही ना! नगरपालिकेची जन्मनोंद आणि अंगणवाड्यांच्या याद्या मिळवून तीन वर्षांची मुलं मोजता येतील, गावातली किती आपल्याकडं येतात तेही जुन्या आकड्यांवरून निघेल, पण नवीन बस ज्या वाड्यावस्त्यांवर जाणार तिथनं आजवर कुणी आलंच नाही, तिथलं काय धरायचं?

दुसरं आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं. त्यातल्या २५ टक्के जागांवर मोफत घेतलेल्या मुलांच्या फीची सरकारकडून मिळणारी प्रतिपूर्ती मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये होती, कोरोनात ती ८,००० वर आणली होती, आणि पैसे खात्यावर कधी पडतील ते सांगता येत नाही. मी येणे म्हणून दाखवतोय पण कॅशफ्लोमध्ये शून्य धरतोय, हे बँकेला चालतं का? फी वाढवून भरून काढू म्हणावं तर २०११ च्या शुल्क कायद्यानं पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं तशीच ठेवावी लागते.

आणि खरी ओढाताण महिन्यांची आहे. इथं निम्मे पालक ऊसवाले, कारखान्याचं बिल जमा झालं की फी भरतात, म्हणजे डिसेंबर-जानेवारी उजाडतो. बसचा विमा, पासिंग, पुस्तकं, रंगरंगोटी सगळं मे-जूनमध्येच उभं राहतं. वर्षाअखेरीला ताळेबंदात शिल्लक दिसते तरी ऑगस्टचा पगार काढताना नाकी नऊ येतात, म्हणून मला वार्षिक नको, महिनावार मांडणी करायचीय. हप्ता पण ऊसबिलाच्या महिन्यांत मोठा आणि पावसाळ्यात लहान असा बँक बांधून देते का, कुणी घेतलाय का तसा?

शाळेचे हिशोब बघणाऱ्या कुणाकडं एक्सेलचा नमुना असेल तर प्लीज द्या. कमी, मधला आणि जास्त पट असे तीन तक्ते करायचा विचार आहे, पण कर्ज फेडायची ऐपत त्यातल्या कमी पटावरच दाखवावी असं मला वाटतं, तुम्ही काय कराल?