मदत हवी आहे: ३ किलोवॉट सोलर, टाकीची सावली आणि अर्धवट कोटेशन
मंडळी, वापर महिना सरासरी ३०० युनिट, सिंगल फेज. ३ किलोवॉट ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या) सोलरचं कोटेशन १ लाख ९५ हजारांचं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजार अनुदान वजा जाता १ लाख १७ हजार. किलोवॉटमागे रोज ४ युनिट धरले तर महिन्याला ३६०. पावसाळ्यात बरेच कमी. स्थिर आकार भरावाच लागणार, म्हणून महिन्याची बचत अडीच हजारच धरली. म्हणजे वसुलीला सुमारे चार वर्षं.

खरी अडचण सावलीची. गच्चीच्या पश्चिमेला पाण्याची टाकी आहे, दुपारी ३ नंतर दोन पॅनेल झाकोळतात. सगळी पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेल्या साखळीत), म्हणजे दोघांपायी बाकीच्यांचंही उत्पादन घसरू शकतं. त्या दोन पॅनेलना ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेल स्वतंत्रपणे चालवणारं उपकरण) लावावेत, की स्ट्रक्चरच ८ फूट उंच घ्यावं? उंचीमुळे वाऱ्याचा भार वाढतो, पाया भक्कम लागतो. जादा खर्च कशात कमी?

कोटेशनमध्ये नुसतं ‘अर्थिंग’ लिहिलंय. डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा) असे अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे लेखी मागायचे ना? पॅनेल डीसीआर (भारतात बनलेल्या सेलची) असल्याचाही उल्लेख नाही, आणि त्याशिवाय अनुदान अडतं. आगाऊ रक्कम देण्याआधी आणखी काय लिहून घ्यावं?