रुग्णालयाच्या लायब्ररीने आम्हाला नेमकं विचारायचं काय?

रात्रपाळीवाला
मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात रेसिडेंट आहे. गेल्या सोमवारी लायब्ररीच्या काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला दिसला. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे.’ लायब्ररी तळघरात, तिथे मोबाइलला रेंज नाही. जिना चढून वर आलो, ओपीडीच्या गर्दीत उभं राहून फॉर्म उघडला. पुस्तकं पुरेशी आहेत का, कर्मचारी नीट बोलतात का, बसायची सोय कशी आहे. प्रत्येकाला पाचपैकी तारे. सगळीकडे चार ठोकले आणि कामाला लागलो.

सांगायचं होतं ते वेगळंच. जुलैत रात्री दोनच्या सुमाराला लेप्टोचा पेशंट आला. तिशीतला मुलगा, साचलेल्या पाण्यातून चालत घरी गेलेला, खोकल्यातून रक्त पडत होतं. स्टेरॉइड द्यायचं की नाही, यावर फोनवर सर एक सांगत होते, पुस्तकात दुसरंच. मोबाइलवर कामाचा लेख सापडला, तर उघडायला तीस-चाळीस डॉलर. तेच नियतकालिक आमची लायब्ररी वर्गणी भरून घेते! पण ते उघडतं रुग्णालयाच्या नेटवर्कवर, आणि मी मोबाइलच्या डेटावर. बाहेरून लॉगिन करता येतं हे मला दोन महिन्यांनी कॅन्टीनमध्ये कळलं.

‘लायब्ररी कशी वाटते’ हे विचारूच नका. शेवटचं काय शोधलंत, कुठे शोधलंत, मिळालं का, एवढं विचारा.

जुना काउंटर
डॉक्टर, मी अशाच एका लायब्ररीत ग्रंथपाल आहे, त्यामुळे थोडं झोंबलं. तारे आम्हाला हौस म्हणून नको असतात. तपासणीचं पथक आलं की अभिप्रायाची फाइल मागतं. वर्गण्या कापायची वेळ आली की अकाउंट्सवाले विचारतात, वापर किती? तिथे तुमची लेप्टोची गोष्ट चालत नाही, आकडा चालतो. सरकारी संस्थांना १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्राच्या योजनेतून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं मिळायला लागली. आपण ट्रस्टवाले त्यात नाही. आपली एकेक वर्गणी भांडून टिकवावी लागते.

आणि मोकळे प्रश्न विचारून पाहिलेत हो. मागे कोरे कागद ठेवले होते. चिठ्ठ्या आल्या त्या अशा: एसी, चार्जिंग पॉइंट, पुन्हा एसी, आणि नीट-पीजी या प्रवेश परीक्षेचे एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांची पुस्तकं. लॉगिनची नोटीस दारावर आहे, मेलही गेला होता. वाचला कोणी?

इंटर्न नंबर दोन
मग एमसीक्यू द्या ना! मागितलेलं दिसतंय, तरी तक्रार मागणाऱ्यांचीच.

राउंडवाले सर
अजिबात देऊ नयेत. मागणी आणि गरज यांत फरक असतो. पोरांना विचारून लायब्ररी चालवली तर दोन वर्षांत तिचं क्लासचं अभ्यासिकागृह होईल, आणि संदर्भग्रंथांच्या कपाटाला टेकून लोक डबे खातील. (आमच्याकडे खातातच.) अभिप्राय घ्या, पण काय घ्यायचं ते समितीने ठरवावं. पेशंटला विचारून अँटिबायोटिक लिहितो का आपण?

इंटर्न नंबर दोन
सर, दुखतंय कुठे हे तर पेशंटलाच विचारता ना? आणि ग्रंथालयशास्त्रवाले रंगनाथन यांचे १९३१चे पाच नियम लायब्ररीच्याच भिंतीवर लावलेत. त्यातला दुसरा: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. ‘त्याचं’ लिहिलंय, समितीचं नाही.

राउंडवाले सर
चौथाही वाच. वाचकाचा वेळ वाचवा. तुमचे एमसीक्यू फोनवर आहेतच, तेच कपाटात आणून कोणाचा वेळ वाचणार?

आकडेमोड
मध्ये तोंड घालतो. लायब्ररीची सेवा मोजायला लिबक्वाल नावाची पद्धत २०००पासून वापरतात. त्यात २२ प्रश्न, आणि प्रत्येकाला तीन आकडे: कमीत कमी काय चालेल, खरं तर काय हवं, आणि सध्या काय मिळतं. कल्पना झकास आहे. नुसते चार तारे म्हणजे चांगलं की वाईट ते कळत नाही, अपेक्षा आणि अनुभव यांतली दरी बघितली की कळतं. पण २२ त्रिक ६६ खाने इमर्जन्सी ड्यूटीवरच्या माणसाने भरायचे? सगळीकडे चारच मिळणार, धागाकर्त्यासारखे.

रात्रपाळीवाला म्हणतोय तो रस्ता अमेरिकेत रॉचेस्टरला धरला होता. १९९२मध्ये तो अभ्यास छापून आला. डॉक्टरांना सांगितलं, हातातल्या एका खऱ्या केसबद्दल लायब्ररीकडून माहिती मागा आणि मग सांगा, उपचारांत काय बदललं. २०८ जणांपैकी ८० टक्के म्हणाले, काहीतरी नक्की किंवा बहुधा वेगळं केलं. काउंटरवाल्या मॅडम, अकाउंट्सला हा आकडा दाखवता येतो की!

जुना काउंटर
मॅडम नाही, सर. असो. आकडा छान आहे, पण लायब्ररीने आणून दिलेल्या माहितीबद्दल लायब्ररीलाच उत्तर द्यायचं म्हटल्यावर माणूस तोंडदेखलं गोड बोलणारच.

बघ्या
म्हणून म्हणतो, विचारूच नका, बघा. कुठलं नियतकालिक किती वेळा उघडलं ते प्रकाशक कळवतोच. पुस्तकं किती इश्यू झाली ते रजिस्टरात आहे. माणूस फॉर्मवर खोटं बोलेल, रजिस्टर नाही बोलणार.

रात्रपाळीवाला
रजिस्टरात मी त्या रात्री कुठे आहे? मी लायब्ररी उघडलीच नाही, मग नोंद कसली होणार? तुमच्या हिशेबात आमच्या वॉर्डात त्या रात्री कोणाला काही अडलंच नव्हतं.

वॉर्ड नऊ
मी स्टाफ नर्स. इथले बहुतेक प्रतिसाद डॉक्टरांचे, तेव्हा मुद्दाम लिहितेय. अकरा वर्षांत आम्हाला लायब्ररीने एकदाही काही विचारलेलं नाही. क्यूआर कुठे लावला? लायब्ररीत. म्हणजे जे येतात त्यांनाच विचारणार, आणि मग छापणार की वाचक समाधानी आहेत.

आमच्या औषधांच्या ट्रॉलीला एक कागद चिकटवलाय, कुठलं इंजेक्शन किती एमएलमध्ये पातळ करायचं त्याचा. झेरॉक्सची झेरॉक्स. शेवटचा रकाना अर्धा कापला गेलाय, तो सीनियर सिस्टरांनी पेनाने भरलाय, आणि वर टेपचे इतके थर की तीन आणि आठ सारखे दिसतात. नवीन मुली रोज त्यावरून वाचतात. हा कागद मूळ कुठला, आज बरोबर आहे का, हे शोधून द्यायचं काम लायब्ररीचं आहे हे मला आज, हा धागा वाचताना सुचलं. फॉर्मवर कुठून लिहिलं असतं?

राउंडवाले सर
सिस्टर, तो कागद आधी फार्माकॉलॉजीवाल्यांना दाखवा, अभिप्रायाची वाट बघू नका. बाकी तुमचा मुद्दा मान्य. समितीत नर्सिंगचं कोणी नाही, हे आत्ता लक्षात आलं.

जुना काउंटर
हं. कागदाचं वाचून जरा गप्प झालो. तारे मी काढणार नाही, फाइल लागते म्हणजे लागतेच. पण आठवड्यातून एक सकाळ राउंडबरोबर वॉर्डात फिरून ‘काल काय अडलं’ एवढं विचारता येईल. काउंटर कोण बघणार ते आमच्या सुपरिंटेंडेंटना विचारावं लागेल. आम्ही दोघंच आहोत, त्यातला एक निम्मा दिवस झेरॉक्स मशीनवर.

इंटर्न नंबर दोन
आणि एमसीक्यू?

जुना काउंटर
आधीची दोन पुस्तकं परत आण, मग बोलू.

वॉर्ड नऊ
सर, आमच्याकडे कोणी येणार असेल तर सकाळी नको. साडेसातला हँडओव्हर, नंतर राउंड, आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. दुपारी तीननंतर पाठवा. आणि रात्रपाळीच्या मुलींसाठी एक वही आमच्या टेबलावर ठेवून जा, पेन दोऱ्याने बांधून. पेन राहत नाही.