मदत हवी आहे: घरोघरी मीटर आले तर पालिकेच्या तिजोरीत काय पडतं?

धारावीतल्या एका गल्लीच्या समितीसाठी टिपण करायचंय. एका मीटरवर पाच-पाच घरं चालतात. वेगळे मीटर मागताना ‘यात पालिकेचाही फायदा आहे’ हा मुद्दा घालायचाय. बिलातला कुठला पैसा पालिकेला मिळतो? अर्ज कुठे अडतो?

वॉर्डहिशेब: बिलातून थेट काही मिळत नाही, तसं लिहू नका. घरगुती बिलावरचं १६ टक्के वीज शुल्क राज्य सरकारकडे जातं. मात्र धारावीत वीज बेस्टची, आणि बेस्ट पालिकेचाच उपक्रम. त्याला पालिका दरवर्षी पैसे देते; २०२५-२६च्या अर्थसंकल्पात १००० कोटी होते. वीजगळती (चोरी किंवा बिलात न आलेली वीज) घटली की हा बोजा हलका होतो, पण तूट मुख्यतः बसची आहे, तेव्हा आकडा फुगवू नका. अदानी किंवा महावितरणची वीज असलेल्या उपनगरांत हा मुद्दा लागूच नाही.

थेट पालिकेचा म्हणावा असा मालमत्ता कर. झोपड्यांतल्या व्यावसायिक गाळ्यांवर तो लावायचं त्याच अर्थसंकल्पात मांडलंय. व्यावसायिक मीटर हा गाळा चालू असल्याचा पुरावा ठरेल, म्हणून गाळेवाल्यांना विचारल्याशिवाय हे लिहू नका.

फीडरपिलर: एक गोष्ट उलटी आहे, ती आधी समजून घ्या. पाच घरं, प्रत्येकी ८० युनिट, एकाच मीटरवर ४००. त्यातली शेवटची १०० युनिट ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात पडतात. वेगळे मीटर झाले की सगळी ४०० पहिल्या, स्वस्त टप्प्यात. रहिवाशांचं भलं होतं, पण बेस्टचं युनिटमागचं उत्पन्न घटतं. बेस्टची कमाई वाढेल ती आकडे (तारेवर टाकलेली चोरीची जोडणी) सुटले तरच. ते दाखवायला रोहित्रावरचं (ट्रान्सफॉर्मरवरचं) आणि सगळ्या ग्राहकांचं रीडिंग एकाच दिवशी घ्यायला सांगा. तारखा मागेपुढे झाल्या की गळती खोटी दिसते.

आणि मूळ मीटरधारकाला आधी विश्वासात घ्या. दुसऱ्या घराला वीज देणं वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ मध्ये (अनधिकृत वापर) येतं, आकारणी दुप्पट दराने होते.

धागाकर्ता: हे फार मोलाचं. अर्जाचं काय?

फीडरपिलर: त्याच कायद्याच्या कलम ४३ चा (मागणाऱ्याला वीज देण्याचं बंधन) आधार घ्या. ओळखपत्र, ताब्याचा पुरावा, परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग चाचणी अहवाल जोडा. घोडं अडतं ते मीटरच्या जागेवर: गल्लीच्या तोंडाशी कोरडी, पावसाचं पाणी न चढणारी भिंत आधी ठरवा, भिंतवाल्याची लेखी संमती घ्या. तिथून घरापर्यंतची वायर पत्र्याला टेकू देऊ नका. घासून इन्सुलेशन गेलं की अख्खा पत्रा जिवंत होतो. प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवाच.