'रोहिणीविलेपी' की 'धमनीत चरबी साचणे'?

जुनी वही: रुग्णांसाठीच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. अथेरोस्क्लेरोसिसला 'धमनीत चरबी साचणे' लिहिलं आणि पुढच्याच परिच्छेदात अडले. तिथे लॅक्टोसिलसेरामाइड नावाचं ग्लायकोलिपिड, म्हणजे शर्करा जोडलेला मेद, आहे. ऑक्सिडीकरण झालेल्या एलडीएलमुळे (रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल) पेशीत ते जास्त तयार होतं आणि धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींची संख्या वाढवतं. म्हणजे बाहेरून काही येऊन साचतं एवढंच नाही, भिंत स्वतःच जाड होते. मग 'साचणे' कसं चालेल? आणि ग्लायकोलिपिडला काय म्हणू?

खलबत्ता: विश्वकोशात अथेरोस्क्लेरोसिसला 'रोहिणीविलेपी विकार' आहे, रोहिणी म्हणजे धमनी. तयार शब्द असताना नवा कशाला?

परसदार: रोहिणी म्हटलं की लोकांना नक्षत्र आठवतं. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आमच्या घरात सगळे 'ब्लॉकेज' म्हणत होते, आजीसुद्धा. ग्लायकोलिपिडला 'शर्करामेद' करता येईल.

जुनी वही: त्याचीच भीती वाटते. मधुमेही माणूस 'शर्करा' वाचून खाण्यातल्या साखरेशी संबंध जोडेल. 'लॅक्टो'चं 'दुग्धशर्करा' केलं तर दूध सोडेल. हा रेणू पेशी स्वतः बनवते, तो दुधातून येत नाही.

परसदार: मग ग्लायकोलिपिडच ठेवा. 'विलेपी' मात्र नको. लेप तर वरून देतात, तुमचीच अडचण परत येईल.

खलबत्ता: विलेपीचा इथे लेपाशी संबंध नाही. आयुर्वेदात पेजेचा पातळ ते घट्ट असा मंड, पेया, विलेपी हा क्रम आहे. विलेपी म्हणजे दाट पेज. ग्रीक 'अथेरे' म्हणजेही धान्याची लापशीच. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ मार्शां यांनी १९०४ मध्ये त्याला 'स्क्लेरोसिस', म्हणजे काठिण्य, जोडलं. आपला शब्द घडवणाऱ्याच्या मनात पेजच होती, असं मला ठामपणे वाटतं. इतका नेमका शब्द आपण टाकून द्यायचा?

परसदार: नेमका असेल, पण वाचणाऱ्याला कळायला नको का? शिवाय आम्ही सिंधुदुर्गातले. तापातून उठलेल्या माणसाला पहिली पेज देतात. तिचं नाव या दुखण्याला द्यायचं, हे मनाला पटत नाही.

जुनी वही: 'भिंत आतून जाड होणे' लिहिलं तर? पण मग त्यात चरबी येत नाही...

खलबत्ता: सिंधुदुर्गातली पेज पातळ असते ना? ती पेया झाली. विलेपी त्याहून घट्ट.

परसदार: घट्ट झाली तर तिला पेज म्हणतच नाहीत आमच्याकडे. तो मऊ भात.