रेक्यावीक : ‘धुराचा उपसागर’ म्हणावे का?

प्रश्न : आइसलँडच्या राजधानीच्या नावाचा अर्थ मराठीत सगळीकडे ‘धुराचा उपसागर’ असा देतात. तो बरोबर आहे का? आणि लिहायचे कसे, रेक्जाविक की रेकजाविक?

उत्तर : अर्थाचे दोन्ही तुकडे सैल आहेत. ‘रेय्कुर’ म्हणजे धूर हे खरे; जर्मन ‘राउख’ त्याचाच भाऊबंद. पण इथे काही जळत नव्हते. दिसत होती ती गरम झऱ्यांची वाफ. आजच्या आइसलँडिकमध्ये वाफेला ‘गुफा’ असा वेगळा शब्द आहे, तरी स्थळनामांत ‘रेय्क’ आला की आधी झरे आठवावेत : रेय्क्यानेस, रेय्कहोल्त, रेय्क्याह्लीद. हे झरे शहराच्या पूर्वेला लॉयगारदालुर भागात होते. बायका तिथे धुणे घेऊन जात, त्या वाटेचे नाव लॉयगावेगुर. ‘लॉयग’ म्हणजे गरम पाण्याचे कुंड.

‘वीक’ला उपसागर म्हणणे मला तर चूकच वाटते. उपसागरासाठी त्यांच्याकडे ‘फ्लोई’ आहे, आणि हे शहर ज्या मोठ्या उपसागरावर वसले आहे तो फाक्साफ्लोई. ‘वीक’ म्हणजे किनारा आत वळून झालेला लहानसा बाक. केप्लावीक, हुसावीक, ग्रिंदावीक यांत तोच. ‘खाडी’ही नको, कोकणात खाडी म्हटली की नदीचे मुख डोळ्यांपुढे येते.

दुसरे उत्तर : यात एक भर. जुने रूप ‘रेय्क्यारवीक’ आहे, मधल्या ‘र’सकट. परंपरेने ८७४ साली आइसलँडचा पहिला कायमचा वसाहतकार मानला जाणारा इंगोल्फुर आर्नारसन इथे वसला, तेव्हाच्या वसाहतीचे नाव हेच सापडते. तो ‘र’ षष्ठी एकवचनाचा, म्हणजे ‘वाफेचा’. तो गळून उरलेले ‘रेय्क्या’ षष्ठी अनेकवचनाचे. मराठीत ‘धुराचा’ आणि ‘धुरांचा’ यांत आहे तेवढाच फरक. म्हणून शब्द फोडताना ‘रेय्क्या’ हे मूळ नाम समजू नका. तो विभक्ती लागलेला शब्द आहे.

लेखनाचे : रोमन लिपीतला ‘जे’ तिथे ‘य’ उच्चारतात, त्यामुळे ‘ज’ आणणारी दोन्ही रूपे बाद. उच्चाराला सर्वांत जवळचे ‘रेय्क्यावीक’, आघात पहिल्या अक्षरावर. छपाईला ‘रेक्यावीक’ पुरे. ‘वी’ मात्र दीर्घच ठेवा : मूळ स्वर दीर्घ आहे आणि गरीब, वकील यांच्याप्रमाणे आपल्या उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षराच्या) दीर्घाच्या नियमातही तो बसतो. प्रत्यय लागला तरी नागपूरला, तसे रेक्यावीकला.