विमान परदेशात बेपत्ता झालं तर आपलं सरकार नेमकं काय करू शकतं?

प्रश्न
विमान दुसऱ्या देशाचं, हरवलं तिसऱ्याच देशापलीकडच्या समुद्रात, आणि प्रवासी आपल्या देशाचा. अशा वेळी शोध कोण घेतं? घरच्यांनी परराष्ट्र खात्याकडे काय मागायचं? ‘आम्ही संपर्कात आहोत’ यापलीकडे काही हाती लागतं का?

उत्तर १
शोध आणि तपास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्राचे शोध-बचाव विभाग देशांत वाटलेले असतात. ज्याचा विभाग, तो शोध चालवतो. तपास मात्र अपघात झाला त्या देशाकडे जातो. जागा कोणत्याच देशाच्या हद्दीत नसेल, तर विमानाची नोंदणी जिथली त्या देशाकडे. २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच३७० विमानातल्या २३९ जणांपैकी दीडशेहून अधिक चीनचे होते, तरी तपास मलेशियाकडेच राहिला आणि दक्षिण हिंदी महासागराच्या तळाचा शोध ऑस्ट्रेलियाने चालवला.

तरीही आपल्या सरकारचे हात बांधलेले नसतात. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ (अपघात तपासाचे नियम) प्रमाणे, ज्या देशाचे नागरिक दगावले त्याला आपला तज्ज्ञ नेमता येतो. तो घटनास्थळी जाऊ शकतो, तपासातली जाहीर करायला मंजूर झालेली वस्तुस्थिती त्याला कळवावी लागते, अंतिम अहवालाची प्रतही मिळते. हा हक्क मागून घ्यावा लागतो. म्हणून पत्रात मोघम ‘मदत करा’ लिहू नका. ‘तज्ज्ञ नेमला का, कोणत्या तारखेला?’ असं विचारा.

उत्तर २
त्याआधीचं काम म्हणजे प्रवासी खरोखर विमानात चढला का, हे पक्कं करणं. तिकीट हा पुरावा नव्हे. वकिलातीमार्फत बोर्डिंगची नोंद मागवा आणि नुसतं नाव नव्हे, पासपोर्ट क्रमांक जुळवा. एमएच३७० मध्ये दोघे चोरीच्या पासपोर्टवर चढले होते आणि यादीत नावं आली ती ऑस्ट्रिया-इटलीतल्या मूळ मालकांची. ती माणसं सुखरूप होती!

ओळख पटवण्याची तयारी मात्र लगेच सुरू करा, कितीही जड गेलं तरी. दातांचे एक्स-रे, बोटांचे ठसे, आईवडील किंवा मुलांचे डीएनए नमुने. फक्त भावंडांच्या नमुन्यावरून जुळणी कच्ची राहते. त्या व्यक्तीचा टूथब्रश, कंगवा धुऊ नका. कोरडे करून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि डीएनए खराब होतो.

उत्तर ३
सगळ्यात मोठा घात मुदतीत होतो. माँट्रियल करार (विमान प्रवाशांच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असेल तर भरपाईचा दावा दोन वर्षांत दाखल करावा लागतो, आणि ही दोन वर्षं विमान ज्या दिवशी पोहोचायला हवं होतं त्या दिवसापासून मोजतात. शोध चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. एमएच३७० चा समुद्रतळाचा शोध जानेवारी २०१७ मध्ये स्थगित झाला. तोवर मुदत उलटून गेली होती.

दाव्याला मृत्यूचा कागद लागतो, मृतदेह नव्हे. मलेशियाने २९ जानेवारी २०१५ ला एमएच३७० ची घटना अपघात असल्याचं आणि त्यातले सर्व जण मृत मानल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. अशा घोषणेची प्रमाणित प्रत वकिलातीकडून मिळवा आणि आपल्याकडच्या न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात तिच्या आधारे मृत्यूचं प्रमाणपत्र मिळतं का, ते वकिलाला आधी विचारा. दरम्यान विमान कंपनी आगाऊ रक्कम देऊ करेल. ती घेतल्याने दावा बुडत नाही, पुढच्या भरपाईतून वळती होते. पण सोबत ‘सर्व हक्क सोडले’ असा कागद पुढे केला, तर सही करू नका.